एकाच मापाची दोन खोकी

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्राच्या पहिल्याच शब्दाला अडले. कोर्टातून घटस्फोटाचा कागद हातात पडल्यापासून तुला वन्सं म्हणायचा हक्क मला उरला आहे की नाही, हे कोणाला विचारावं कळत नाही. वकिलांना विचारलं असतं तर त्यांनी त्याचीही फी लावली असती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तुला थट्टेने वन्सं म्हणाले, तू उशी फेकून मारलीस, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता नवरा गेल्यावर नवऱ्याची बहीण आपली कोण लागते? मी असं ठरवलंय की तू हरकत घेईपर्यंत तेच चालू ठेवायचं.

फोन करायचा सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण दोघी नुसत्या ‘बाकी काय’ आणि ‘बाकी काही नाही’ म्हणत बसतो. मग तू म्हणतेस, ‘ठेवू का?’ आणि मी ठेवते. पत्रात निदान कोणी ‘ठेवू का’ म्हणत नाही.

मुद्द्यावर येते. परवा तुझ्या दादाचा फोन आला. मार्चच्या शेवटी आपल्या मुंगीला नऊ वर्षं पूर्ण होतील. त्याच आठवड्यात त्याच्या नव्या बायकोच्या, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या, मुलीलाही नऊ पूर्ण होतात. तर दोघींचा वाढदिवस एकत्र करायचा, एक हॉल, एक केक, दोघींच्या वर्गातली मुलं, असा बेत आहे. ‘मुलींची गट्टी होईल,’ म्हणाला. ‘तूही ये ना,’ असंही म्हणाला, आणि मी नको म्हटल्यावर त्याने हळूच श्वास सोडला. त्याला वाटलं मला ऐकू आलं नसेल. दिवसभर इस्पितळात बसून मी लोकांचे कान तपासते, हे तो अजून विसरतो.

मुंगीला विचारलं. ती म्हणाली, ‘चालेल.’ तिचं ‘चालेल’ तुला माहीत आहे. शाळा बदलली तेव्हाही तिला चालली होती.

खऱ्या वाढदिवसाच्या दिवशी आम्ही दोघी घरी काहीतरी करूच. पार्टीला मी तिला दारापर्यंत सोडेन. तुला मात्र आमंत्रण येईल, तू आत्या आहेस. तू दिवसभर लोकांची प्रेझेंटं बांधतेस, म्हणून जाणकार समजून विचारते. अशा जोडवाढदिवसाला माणसाने काय न्यायचं? आपल्या ओळखीच्या मुलीसाठी एक, की दोघींसाठी दोन? मुंगीच्या वर्गातल्या आया मला विचारतायत आणि मी नुसती हसून वेळ मारून नेतेय.

तुझी,
वहिनी (अजून तरी)

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हरकत नाही. दादाने बायको बदलली म्हणून मी वहिनी बदलायला हवी, असं मला कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी मी ऐकणार नाही. पुन्हा ‘अजून तरी’ असं कंसात लिहिलंस तर दुसरी उशी येईल.

आता जाणकाराचं उत्तर. आमच्या दुकानात माझं टेबल तळमजल्यावर जिन्याखाली आहे. लोक वर वस्तू घेतात आणि खाली माझ्याकडे बांधायला आणतात. अशा जोडवाढदिवसांचे पाहुणे मी खूप बघितलेत. दुरून ओळखू येतात. चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचा भाव असतो. एक गृहस्थ दोघा भावांमध्ये मिळून एकच मोठी आगगाडी घेऊन आले. ‘वाटून खेळतील,’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात दुसरी आगगाडी घ्यायला आले. त्यांच्या कपाळावर टेंगूळ होतं, त्याचं कारण मी विचारलं नाही.

माझा हिशोब असा. आमंत्रण एकीच्या घरून आलं तर एकीलाच न्यावं, त्यात काही वाईट दिसत नाही. मुंगीच्या वर्गातल्या आयांना तसंच सांग. आमंत्रण दोघींच्या नावाने आलं तर मात्र दोघींना न्यावं, आणि दोन्ही खोकी एकाच मापाची असावीत. आत काय आहे ते मुलं नंतर बघतात. आधी माप बघतात. आत सोन्याचा हत्ती असला आणि खोकं बारकं असलं, तर चेहरा पडतोच.

मला दादाचं आमंत्रण येणार, म्हणजे दोघींच्या नावाने. तेव्हा मला दोन न्यावी लागतील. रागावू नकोस. त्या मुलीसाठी पेन्सिलींचा मोठा डबा आणि एक जाडसं गोष्टींचं पुस्तक घेतलंय. दुकानातून, सवलतीत, डोकं न चालवता.

मुंगीचं वेगळं आहे. तिला सांगू नकोस. दिवाळखोरीत निघालेल्या सुताराने उरलेल्या फळ्या जपाव्यात, तसे मी कागदाचे तुकडे आणि शर्टांच्या खोक्यांचे पुठ्ठे साठवत होते. त्यांचं एक छोटं घर केलंय. तुमचं घर. ज्या घरात ती जन्मल्यापासून राहिली ते. तिची खोली, खिडकीपाशी टेबल, बाल्कनीच्या जाळीला स्ट्रॉ उभ्या चिरून लावल्यात. पडदे फितींच्या टोकांचे. स्वयंपाकघरात तू स्वतः ठोकलेली ती तिरकी फळीसुद्धा आहे. ती सरळ बसू नये म्हणून मला तीनदा काढून परत चिकटवावी लागली. सरळ काम करायची सवय झालीय ना.

ते घर माझ्या एकुलत्या एका टेबलावर पसरलंय, त्यामुळे सध्या मी ताट मांडीवर घेऊन पलंगावर जेवते. पण खरं सांगू, इतक्या दिवसांनी खोलीत कोणाची तरी अडचण होतेय, ते बरं वाटतं.

तुझी,
वन्सं

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

रागावू कशाला? त्या मुलीचं काय चुकलंय? दोन आण, खुशाल आण. मीही तेच केलं असतं. (हे वाक्य लिहायला मला चहाचा एक अख्खा कप लागला.)

घराचं वाचलं आणि पत्र उलटं ठेवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. तुला एक सांगितलं नव्हतं. मुंगी दर रविवारी तुझ्या दादाला भेटते ना, ती आमच्या जुन्या इमारतीखालच्या बेकरीत. वर घरात जायला ती तयार नाही. डॉक्टरीणबाई आणि त्यांची मुलगी तिथे राहायला आल्यापासून एकदाही गेलेली नाही. मुंगीच्या खोलीत आता ती मुलगी झोपते. मुंगी याबद्दल काही बोलत नाही. फक्त इथल्या खोलीत तिने अजून एकही चित्र भिंतीला लावलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘बघू, किती दिवस आहोत इथे.’ नऊही पूर्ण न झालेली पोर.

म्हणून म्हणते, तू करतेयस ते नुसतं खेळणं नाही. तिला तिच्या घरात परत जाता येईल, कोणाला न विचारता. ते तिच्या हातात पडेल तेव्हा मी तिथे नसेन. तिचा चेहरा नीट बघून ठेव आणि मला सांग.

त्या दिवशी मला ड्यूटी आहे, पण संध्याकाळी घरीच असेन. हॉलपासून आमचं घर दोन थांब्यांवर आहे. पार्टी आटोपली की चहाला ये. तुझी शेवटची बस उशिरा असते, आठवतंय मला.

वहिनी

३० मार्च

प्रिय वहिनी,

पार्टी छान झाली. हॉल बराच मोठा होता, एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला पोचत नव्हतं, ते एका अर्थी बरंच. फुगे पिवळे आणि पांढरे. केकवर दोन्ही मुलींसाठी वेगवेगळ्या मेणबत्त्या होत्या आणि फुंकायच्या वेळी कोणाच्या कोणत्या यावरून थोडा गोंधळ झाला, पण निभावलं. मुंगीने तू शिवलेला निळा फ्रॉक घातला होता. छान दिसत होती. शांत होती, पण ती असतेच. दादाचं वजन वाढलंय. डॉक्टरीणबाई बोलता बोलता समोरच्याच्या दातांकडे बघतात, त्यामुळे मी तोंड मिटून हसत होते.

सगळी प्रेझेंटं एका टेबलावर एकत्र ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलांचं काय, कागद फाडला की खूश.

चहाला येता आलं नाही. बसची वेळ बदलली होती, लगेच निघावं लागलं. तू वाट बघितली नसशीलच, तुला ड्यूटी होती.

इकडे दुकानात परीक्षेनंतरची गर्दी सुरू झालीय. बाकी ठीक.

वन्सं

१४ एप्रिल

प्रिय वहिनी,

माझं पत्र मिळालं ना? आमच्या इथला पोस्टमन नवीन आहे, त्याच्यावर माझा भरवसा नाही. मुंगी बरी आहे का? एक ओळ लिही.

वन्सं

२२ एप्रिल

वन्सं,

पत्र मिळालं. पोस्टमनचा काही दोष नाही.

बसची वेळ बदललेली नव्हती. मी थांब्यावर जाऊन विचारून आले. आणि मला ड्यूटी नव्हती. मी रजा टाकली होती. ड्यूटी आहे असं लिहिलं, कारण रजा घेऊन घरात बसून राहणार आहे असं लिहायची लाज वाटली. मी दोन कप काढून ठेवले होते. दिवा लावला. मग दादाच्या गाडीचं दार वाजलं आणि मुंगी एकटीच जिना चढून आली.

तिने दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी केस विंचरताना म्हणाली, ‘आत्याने माझं घर तिला दिलं.’

मग एकेक करून सगळं काढून घेतलं तिच्याकडून. कोणाला जास्त आली ते दिसू नये म्हणून खोक्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. मग दोघींनी आळीपाळीने एकेक उचलायचं. तुझी दोन शेजारी शेजारी, तोच कागद, तेच माप. त्या मुलीचा नंबर आधी होता. तिने उघडलं आणि ओरडली, ‘अय्या, हे तर आमचं घर!’ सगळी मुलं जमली. ‘ही माझी खोली, ही माझी खिडकी.’ मुंगीने तिच्यामागून बघितलं. मग तिचा नंबर आला, तिने दुसरं उचललं, पेन्सिली निघाल्या. तिने थँक्यू म्हटलं.

मी विचारलं, ‘आणि आत्या काय करत होती?’

म्हणाली, ‘आत्या केक खात होती.’

वन्सं, चिठ्ठ्या कोणीतरी काढल्या, समजू शकते. एका मापाची खोकी, तीही समजू शकते, तुझं कामच ते. पण तू तिथे उभी होतीस. एक शब्द टाकायचा होता. ‘अगं, ते मुंगीचं.’ तीन शब्द झाले. तेवढेही तुझ्याकडे नव्हते? आणि वर मला लिहितेस, मुलांचं काय, कागद फाडला की खूश.

त्या घरातून मी काहीही मागितलं नव्हतं. भांडी नाही, पडदे नाहीत. माझी तिरकी फळीसुद्धा तूच नेऊन त्यांच्या पदरात घातलीस.

तू कोणाची आत्या आहेस ते तुझं तू ठरव. उत्तराची घाई नाही.

२७ एप्रिल

वहिनी,

मी केक खात नव्हते. बशी हातात धरून उभी होते. एवढंच मला माझ्या बाजूने म्हणता येईल, आणि ते काही फार नाही.

माझ्या टेबलापाशी मी लोकांना रोज सांगते, दोन सारखी बांधायची असली तर आतल्या बाजूला एक खूण करून ठेवा. स्वतःच्या वेळी केली नाही. चिठ्ठी बांधली की झालं, असं वाटलं. कोणी चिठ्ठ्या काढून टाकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ती मुलगी ओरडली तेव्हा मी दोन पावलं पुढे झाले होते. तिने वर बघितलं. तिचा चष्मा नाकावर घसरला होता आणि ती इतकी हरखली होती, की ते घर तिच्या हातातून काढून घेताना सगळ्यांनी बघितलं असतं. मी थांबले. मग मुंगीकडे बघायला हवं होतं, पण माझी हिंमत झाली नाही. तू सांगितलं होतंस तिचा चेहरा नीट बघून ठेव. तेवढंच एक काम होतं. तुझ्यासमोर येऊन काय सांगणार होते? म्हणून आधीच्या बसमध्ये बसले.

मी दादाकडे जाते आणि ते परत मागते. माझी चूक झाली असं त्या मुलीला मीच सांगेन. रविवार सोडून रजा मिळाली की लगेच.

वन्सं

१२ मे

वहिनी,

जाऊन आले. मागायला गेले आणि पाणी पिऊन परत आले. आधीच सांगून टाकते, नाहीतर मी पुन्हा दोन पानं फुग्यांवर लिहीन.

दार दादाने उघडलं. त्याला वाटलं मी त्याला भेटायला आले. इतका खूश झाला, की मला त्याचीच कीव आली. डॉक्टरीणबाई दवाखान्यात होत्या. घर तुझ्या वेळेपेक्षा नीटनेटकं आहे, आणि तिथे कोणी राहत नसल्यासारखं वाटतं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तिरकी फळी अजून तिथेच आहे. वर त्यांचे कप आहेत आणि ते घरंगळू नयेत म्हणून प्रत्येकाखाली कागदाची घडी.

ती मुलगी आत होती. पुठ्ठ्याचं घर तिच्या टेबलावर होतं, खऱ्या खिडकीपाशी. मला बघून उठून उभी राहिली, बाई वर्गात आल्यासारखी. म्हणाली, ‘मी एक बदललंय. चालेल ना?’ मी खोलीचं दार आत उघडणारं केलं होतं. ते बाहेर उघडतं म्हणे. तिने कापून उलटं लावलं होतं. मी वळून खरं दार बघितलं. बाहेरच उघडत होतं. इतकी वर्षं त्या घरात येऊन जाऊन मला ते आठवलं नव्हतं, वहिनी. मला वाटत होतं मला सगळं पाठ आहे.

मग तिने प्रश्न सुरू केले. ‘ही फळी तिरकी का?’

‘ती एका बाईने स्वतः ठोकलीय.’

‘मग नंतर सरळ का नाही केली?’

मागून दादा म्हणाला, ‘कोणाची हिंमत होती सांगायची?’ आणि हसला, आणि मग हसायचा थांबला.

तिने विचारलं, मुंगीचा पलंग कुठे होता. मी बोट ठेवून दाखवलं. तिने मान हलवली. म्हणाली, ‘मला इथे कोणी सांगत नाही आधी कुठे काय होतं. विचारलं की सगळे म्हणतात, जाऊ दे ना आता.’ आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ‘ती वर येत नाही. मी इथून बघते. ते दोघं बेकरीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात. ती बाहेर आली की वर बघते, मग मी पडद्यामागे जाते.’

मी पाणी मागितलं. तिने आणून दिलं. तेव्हा तोंडाशी आलेलं वाक्य मी पाण्याबरोबर गिळलं. तुला वाटेल पुन्हा तेच, पुन्हा ही त्या मुलीच्या बाजूची झाली. तसं नाही. मी कोणाची आहे हे मला माहीत आहे. पण मला ते तिच्या हातातून घेता आलं नाही, आणि यापुढेही येणार नाही. हे तुला तोंडाने सांगण्यापेक्षा लिहिणं सोपं आहे, म्हणून लिहिलं.

मुंगीसाठी दुसरं घर करायला बसले होते. पुठ्ठा कापला आणि तसाच ठेवला. दुसरं काहीतरी करेन, तिला हवं असेल तर. माझं टेबल रिकामं आहे. जेवण पुन्हा टेबलावर सुरू केलंय.

तुला उत्तर द्यावंसं वाटलं नाही तरी मी अधूनमधून लिहीत जाईन. नुसतं वाचत जा.

वन्सं

२५ मे

प्रिय वन्सं,

दार बाहेर उघडतं. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. नवीन असताना आठवडाभर कपाळावर आपटत होतं माझ्या.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चुका काढायला. तिसऱ्यांदा मुंगीला वाचून दाखवलं, मधलं थोडं गाळून. ती मुलगी पडद्यामागे लपते ते ऐकल्यावर मुंगी म्हणाली, ‘मला माहितीये. पडदा हलतो.’

परवा रविवारी तिला सोडून मी समोरच्या फुटपाथवर छत्रीवाल्याच्या दुकानापाशी रेंगाळले, उगीच. तिने बेकरीतला बन अर्धा खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळला, बाबाला काहीतरी सांगितलं आणि एकटी जिन्याकडे गेली. तो टेबलाशी बसूनच राहिला. मला वाटलं पळत जाऊन तिला थांबवावं. मी एक छत्री उघडून बघितली, मिटली, दुसरी उघडली. दुकानदार म्हणाला, ‘बाई, पाऊस नाहीये.’ तासाभराने ती खाली आली. रात्रीच्या भाताच्या वेळी म्हणाली, ‘तिला उकळलेलं दूध आवडत नाही.’ आणि मग, ‘तुझी फळी तिथेच आहे.’ मी पाणी आणायला उठले.

खरं सांगते. घर तिकडे गेलं त्याचा राग मला तितका नव्हता. तू आली नाहीस त्याचा होता. दोन कप मी धुऊन परत जागेवर ठेवले, तेव्हा मला वाटलं, झालं, ही पण गेली. दादा गेला तेव्हा मी इतकी रडले नव्हते. आता हे वाचून डोक्यावर बसू नकोस.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी ये. मुंगी बाबाला भेटून दुपारीच परत येते. मला संध्याकाळपर्यंत खरोखरची ड्यूटी आहे, या वेळी खोटं नाही, पण मुंगी दार उघडेल. आणि एक ऐक. काहीही आणू नकोस. खोकं नाही, पुडा नाही, ‘सहज दिसलं म्हणून घेतलं’ नाही. पाहुणे घेऊन येतात. तू रिकाम्या हाताने ये.

तुझी,
वहिनी

८ जून

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. तुझ्याकडे होते तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मुद्दाम ठेवली. तू येण्याआधीची.

येताना बसमध्ये हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मांडीवर नेहमी काहीतरी असतं, ते सांभाळायचं असतं. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी माझ्याकडे सरकवली, ‘जरा धरता का’ म्हणून, तर मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. त्या उतरताना त्यांना ती सोडवून घ्यावी लागली.

मुंगीने दार उघडलं. आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्या पाठीमागे. ‘काही नाही?’

‘काही नाही.’

‘बरं,’ म्हणाली, आणि बाजूला झाली.

मी खुर्चीवर बसले. ती समोर उभी राहिली. वहिनी, ती उंच झालीय, हे मला पार्टीत दिसलंच नव्हतं. सरळ विचारलं तिने, ‘तू तेव्हा बोलली का नाहीस?’ तुझाच आवाज. मी ठरवून आले होते, की काय काय सांगायचं, चिठ्ठ्यांचं, खुणेचं. त्यातलं काही आलं नाही. म्हटलं, ‘घाबरले.’

‘कोणाला? बाबाला?’

‘नाही. ती रडली असती तर काय करायचं, याला.’

‘आणि मी रडले असते तर?’

मी म्हणाले, ‘तू रडत नाहीस असं मी धरून चालले. ते चुकलं माझं.’

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘मला पण बोलता आलं असतं. माझं आहे, असं. मी पण नाही बोलले.’ आणि एकदम, ‘आईला सांगू नकोस. ती मला विचारत बसेल, का नाही बोललीस, का नाही बोललीस.’

म्हणजे हे मी तुला सांगून तिचा विश्वास मोडतेय. पण तू विचारत बसणार नाहीस, या भरवशावर. इतके दिवस ती मला दोष देत होती असं आपल्याला वाटत होतं. ती स्वतःलाही देत होती, एकटी.

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती तशी मुलगी नाही आणि मीही तशी आत्या नाही. ती आत गेली. मला वाटलं संपलं. ती मटारची पिशवी आणि परात घेऊन आली. परात तिने माझ्या मांडीवर ठेवली. ‘सोल,’ म्हणाली. ‘आई आल्यावर भाजी करायचीय. टरफलं इकडे टाक, तिकडे नको.’ आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली, खांदा माझ्या गुडघ्याला लागेल इतक्या जवळ. तिच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलीने काढलेलं एक चित्र होतं. चारही कोपऱ्यांना टेप.

मग तुझी किल्ली दारात फिरली. म्हणून तू आत आलीस तेव्हा आम्ही दोघी इतक्या मान खाली घालून मटार सोलत होतो.

तुझी,
वन्सं